चिरते, चित्ता, चांद्रयान आणि अलर्टचा भोंगा : बेळगाव-खानापूर-निपाणीतनं सारखे येणारे प्रश्न

देशातल्या विज्ञान, टेक्नॉलॉजी आणि जंगलातल्या जनावरांच्या बातम्या मी सोप्या मराठीत लिहून ओळखीच्या लोकांना पाठवतो आणि दर आठवड्याला परत तेच प्रश्न येतात. वैतागून नाही, खरंच सोय म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. आपल्याकडं बातमी तीन तोंडांतनं फिरून येते, दिल्लीची इंग्रजी, बेंगळूरची कन्नड आणि मग कोल्हापूरच्या चॅनलची मराठी, आणि मधे कुठंतरी जनावराचं नाव, गाव नाहीतर वर्ष बदलून जातं. निम्मे प्रश्न तिथंच जन्माला येतात.

१. कन्नड पेपरात 'चिरते' लिहितात, मराठीत कोण बिबट्या म्हणतं कोण चित्ता. सगळं एकच काय?

नाही. कन्नडमधला चिरते म्हणजे आपला बिबट्या. कानाला चित्त्यासारखा वाटतो म्हणून भाषांतर करणारा घाईत 'चित्ता' लिहून मोकळा होतो. आपल्या भागात 'चित्ता दिसला' अशी बातमी आली की डोळे झाकून बिबट्या वाचा. त्यात आपल्या खेड्यांतली माणसं बिबट्यालाही वाघच म्हणतात आणि खरा वाघ असला तर पट्टेरी नाहीतर ढाण्या म्हणून वेगळा सांगतात, म्हणजे गोंधळ डबल.

वळखायचं सोपं आहे. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, रडून काजळ ओघळल्यासारखी. अंगानं सडपातळ, पाय लांब. बिबट्याच्या पाठीवर आणि कुशीवर मधे पोकळ अशी फुलं असतात, मान जाड, छाती भरलेली, आणि तो झाडावर आरामात चढतो.

चित्ता भारतातनं नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. त्याआधी पलीकडं कोल्हापूर दरबारात चित्ते पाळून त्यांच्याकडनं काळविटाची शिकार करायची पद्धत होती, त्यामुळं आमच्या आज्ज्याच्या पिढीला तरी चित्ता आणि बिबट्यातला फरक माहीत असणार, आपणच विसरलो.

२. आफ्रिकेतले चित्ते आमच्या खानापूरच्या जंगलात सोडणार म्हणून मेसेज फिरवालेत, खरं काय?

खोटं. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातनं ८ आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतनं १२ चित्ते आले, ते सगळे मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यातले दोन त्याच राज्यातल्या गांधी सागर अभयारण्यात नेले. चित्त्याला पळायला मोकळं गवताळ माळ लागतं, आमच्या जांबोटी-कणकुंबीच्या दाट रानात आणि असल्या पावसात त्याचं काम नाही.

पावसाचं उगाच म्हणत नाही. २०२३ च्या पावसाळ्यात कुनोत काही चित्ते मेले तेव्हा मानेवरच्या रेडिओ कॉलरखाली (जनावर कुठं आहे ते कळायला बांधलेला पट्टा) कातडी ओली राहून जखम झाली, त्यात अळ्या पडल्या आणि विष रक्तात गेलं. जून ते सप्टेंबर म्हणजे तिकडं दक्षिण आफ्रिकेत थंडी, त्यामुळं जनावरांच्या अंगावर थंडीचे दाट केस वाढले आणि इकडं नेमका तेव्हाच पावसाळा. जनावर इकडं आलं, खरं त्याच्या अंगातलं कॅलेंडर तिकडचंच राहिलं.

३. ग्रुपवर आलेला बिबट्याचा फोटो खरा का एआयनं केलेला, कसं कळणार?

आधी फोटो बघू नका, पाठवणाऱ्याला विचारा की तू स्वतः काढलास काय. 'मला पण पुढनं आलाय' म्हणाला की तिथंच थांबा. मग अंगावरची फुलं बघा, खोट्या फोटोत ती कधी कधी एकसारखी छापल्यागत दिसतात नाहीतर पोटाकडं वितळून जातात. शेपटी, पंजे, सावली आणि मागच्या दुकानाच्या पाटीवरची अक्षरं बघा. एआयला कन्नड आणि देवनागरी पाट्या बरेच दिवस नीट जमत नव्हत्या, आता जमायला लागल्यात, म्हणून पाटी बरोबर दिसली म्हणजे फोटो खरा असं धरू नका.

आणि जुना खरा फोटो नव्या गावाच्या नावानं फिरवणं हा प्रकार तर एआयच्या आधीपासनं आहे. तोच बिबट्या तीन जिल्ह्यांतल्या तीन गावांत 'काल रात्री' दिसलेला मी बघितलाय.

४. बेळगावच्या गोल्फ कोर्समधल्या बिबट्याचं शेवटी काय झालं? आणि पकडून लांब सोडायला काय होतंय?

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जाधव नगरात तो दिसला, एका कामगारावर झेपावला आणि मग गोल्फ कोर्सच्या झाडीत घुसला. आसपासच्या वीसेक शाळा बरेच दिवस बंद, ड्रोन, ट्रॅप कॅमेरे, पिंजरे, शिमोग्याच्या सक्रेबैल कॅम्पातनं हत्तीसुद्धा आणले. एवढं करून पिंजऱ्यात काय तो आला नाही. त्या दिवसांत बेळगावात जोक इतके झाले की बिबट्यालाच रेशन कार्ड द्या म्हणायची पाळी.

आता पकडून लांब सोडायचं. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात २००१ नंतर असे बरेच बिबटे पकडून दुसरीकडं सोडले आणि त्याचा अभ्यास वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केला, तर जिथं सोडले तिथं माणसांवरचे हल्ले वाढलेले दिसले. अनोळखी जागा, बिथरलेलं जनावर, परत आपल्या जागेकडं यायची धडपड, आणि इकडं रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येऊन बसतो तो वेगळाच. २०२२ च्या गणतीत देशात अंदाजे १३,८७४ बिबटे आहेत, कर्नाटकात १,८७९ आणि महाराष्ट्रात १,९८५. एवढे सगळे उचलून टाकायचे कुठं?

दिसला तर गर्दी करू नका, व्हिडिओसाठी मागं पळू नका, तिन्हीसांजेला पोरांना एकटं सोडू नका आणि वन खात्याच्या १९२६ नंबरला फोन लावा. मटणाच्या दुकानामागचा कचरा आणि त्यावर जगणारी कुत्री जोपर्यंत आहेत तोपर्यंत बिबट्याला शहराची वाट माहीत राहणार.

५. भीमगडातलं वटवाघूळ अख्ख्या जगात फक्त आपल्याकडंच आहे, होय ना?

लई दिवस तसंच समजत होते. खानापूर तालुक्यातल्या तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत, तिथं रॉटनचं वटवाघूळ म्हणून मोठ्या कानांचं वटवाघूळ राहतं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ते शास्त्राला माहीत झालं आणि पुढं कित्येक वर्षं जगात हा एकच पत्ता होता. नंतर ते मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं, त्यामुळं 'फक्त इथंच' हे वाक्य आता जुनं झालं. तरी त्याचं घर म्हणून बारापेडेचं मोल कमी होत नाही आणि भीमगडाला २०११ मध्ये अभयारण्य केलं त्यामागं या वटवाघळाचा मोठा हात आहे. गुहेत जाऊन बॅटरी मारून रील करायची हौस असेल तर मला विचारू नका, मी वाट सांगणार नाही.

६. 'नवीन प्रजाती सापडली' म्हणजे आत्ता नव्यानं जन्माला आली काय?

जनावर जुनंच असतं, शास्त्राच्या वहीत नाव नवीन चढतं. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात एक छोटा मासा आहे, देवाला येणाऱ्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या बघितलाय, खरं २०२० मध्ये त्याचा नीट अभ्यास होऊन तो वेगळा आहे असं ठरलं आणि नदीच्याच नावावरनं त्याचं शास्त्रीय नाव पडलं, शिस्तुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये महाराष्ट्रानं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. तीच नदी पुढं आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरात येते, म्हणून संकेश्वरच्या बऱ्याच जणांनी 'आमच्या घाटावर पण असतोय' म्हणून फोटो पाठवले. ते मासे दुसरे आहेत बाबांनो, हा उगमाजवळच्या थंड स्वच्छ पाण्यातला.

७. चांद्रयान-३ चं रोव्हर अजून चंद्रावर फिरतंय काय?

नाही, झोपलंय ते उठलंच नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी उतरलं, सहा चाकी रोव्हर प्रज्ञान शंभर मीटरभर फिरलं, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला रोव्हर आणि त्याला घेऊन उतरलेलं लँडर दोन्ही झोपवले. चंद्रावर आपले १४ दिवस उजेड आणि १४ दिवस रात्र, आणि रात्रीची थंडी शून्याखाली दीडशे-दोनशे अंशांवर जाते. मिशन आखलंच होतं एका चांद्रदिवसाचं, रात्र काढायला लागणारं तापवायचं यंत्र लँडरवर नव्हतं. म्हणजे 'बंद पडलं' म्हणून हळहळायचं कारण नाही, पेपर पूर्ण सोडवून मग बेल वाजली.

या मोहिमेतनं मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मातीत खुपसलेला थर्मामीटर. वरती पन्नास अंशांच्या पुढं ऊन आणि फक्त ८ सेंटीमीटर खाली उणे दहा! वीतभर पण नाही. तिथली माती उष्णता आत जाऊच देत नाही. शिवाय रोव्हरला मातीत गंधक सापडलं.

दोन दुरुस्त्या. 'दक्षिण ध्रुवावर उतरलं' असं म्हणतात ते ध्रुवाजवळ आहे, साधारण ६९ अंश दक्षिणेला. आणि चाकानं मातीत अशोकस्तंभ उमटलेला तो झकास फोटो चंद्रावरचा नाही, कुणीतरी इथं बसून केलेलं चित्र आहे.

८. शुभांशु शुक्ला पहिले भारतीय अंतराळवीर ना? मग राकेश शर्मा कोण?

पहिले राकेश शर्मा, १९८४ मध्ये सोव्हिएत रशियाच्या यानातनं. शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले पहिले भारतीय, २५ जून २०२५ ला उड्डाण आणि १५ जुलैला परत.

आपल्याकडच्या लोकांना यातली एक गोष्ट कोण सांगतच नाही. त्यांनी वर नेलेल्या प्रयोगांत एक धारवाडचा होता, तिथल्या कृषी विद्यापीठाचा. मेथी आणि मूग! वजन नसलेल्या जागी कडधान्याला मोड येतात कसे, त्यातला कस बदलतो काय, हे बघायला. आम्ही इथं मुगाला मोड आणायला फडक्यात बांधून ठेवतो आणि हितनं दीड तासावरच्या धारवाडचा मूग पृथ्वीभोवती फिरून आला.

९. रात्री आभाळात दिव्यांची माळ सरळ रेषेत जाताना दिसली, काय ते?

बहुतेक वेळा स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले उपग्रह. आवाज नाही, एकामागोमाग ठिपके, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की अचानक गायब. जळत, तुकडे होत, शेपूट सोडत जाणारं काही असेल तर ते वेगळं. २ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रात दिसलेला तो उजेड चिनी रॉकेटचा परत पडणारा भाग होता आणि त्याची मोठी धातूची कडी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला सापडली. असलं काही शेतात पडलंच तर हात लावू नका, पोलिसांना सांगा.

१०. वाघ मोजतात कसे? आणि भीमगडातला वाघ उद्या गोव्यात गेला तर तो कुणाच्या खात्यात?

हा प्रश्न मला लई आवडतो, कारण सीमाप्रश्न वाघालाही सुटलेला नाही.

जंगलातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. दोन्ही बाजूंना का, तर वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, एकाच बाजूचा फोटो असला तर एकाच वाघाचे दोन होतील. पट्टे म्हणजे आपल्या बोटाचे ठसे, दोन वाघांचे सारखे नसतात. कॉम्प्युटर ते जुळवतो, आणि जिथं कॅमेरे नाहीत तिथं ठसे, विष्ठा, भक्ष्य किती आहे यावरनं हिशोब मांडतात. म्हणून आकडा हा अंदाज असतो, शाळेतल्या हजेरीसारखा नाही. दर चार वर्षांनी ही गणती होते. २००६ मध्ये १,४११ होते, २०२२ च्या गणतीत सरासरी अंदाज ३,६८२ आला. मध्य प्रदेश ७८५, दुसरा नंबर आपल्या कर्नाटकाचा ५६३, महाराष्ट्र ४४४. टीव्हीवर ३,१६७ पण ऐकला असाल, तो कमीत कमी धरलेला आकडा, म्हणजे दोन्ही बरोबर.

आता हद्दीचं. देशाच्या एकूण आकड्यात पट्ट्यांवरनं एक वाघ एकदाच धरतात, दोन राज्यांत फोटो निघाला तरी दोन होत नाहीत. वाघाला तर काळी व्याघ्र प्रकल्प, भीमगड, गोव्याची म्हादई आणि वर सह्याद्री व्याघ्र प्रकल्प हे एकच रान आहे. २०२० च्या जानेवारीत म्हादईत एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विष घालून मारली गेली, गाय मारली म्हणून रागानं. त्या वाघांची वाट आपल्याच रानाला जोडलेली, त्यामुळं 'गोव्यात झालं, आपल्याला काय' असं म्हणायची सोय नाही. २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं गोव्याला तिथं व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं आणि ते प्रकरण पुढं सुप्रीम कोर्टात गेलं.

११. हत्ती ऊस-भात तुडवून जातोय. कुंपणाला करंट सोडला तर चालतंय काय? झटका मशीन पण करंटच की.

राग कळतो. दांडेलीच्या बाजूनं येणारे हत्ती २००२ पासनं पार तिलारी, चंदगड, दोडामार्गपर्यंत पोचलेत आणि एका रात्रीत एका घराचं वर्षाचं भात जातं. खरं दोन्ही करंट एक नाहीत.

झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, एका क्षणाच्याही बारीक भागापुरता जोराचा धक्का देतं आणि थांबतं. त्या मधल्या वेळात जनावर अंग काढून घेतं, घाबरतं, मरत नाही. खांबावरनं डायरेक्ट घेतलेला २३० व्होल्टचा करंट थांबत नाही, स्नायू आखडतात, चिकटलेला सुटतच नाही, मग तो हत्ती असो नाहीतर पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारी. हत्ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, त्यामुळं वन्यजीवाचा गुन्हा, वर वीजचोरीचा गुन्हा, आणि माणूस मेला तर तिसरा.

झटका चालत नाही म्हणणाऱ्यांच्यात बहुतेकदा अर्थिंग खराब नाहीतर तारेला गवत टेकलेलं असतं. हां, हत्ती हुशार आहे, सुळ्यातनं करंट जात नाही हे त्याला कळतं आणि तो सुळ्यानं तार तोडतो, फांदी टाकून पण तोडतो. म्हणून आठवड्याला एकदा कुंपणाभोवती चक्कर मारून गवत कापायचं आणि तार तपासायची, त्याला पर्याय नाही.

१२. मोबाईल अचानक भोंग्यागत वाजला, फोन हॅक झाला काय? आणि मला महाराष्ट्राचा अलर्ट का आला?

हॅक नाही. ही सेल ब्रॉडकास्ट नावाची सरकारी सोय आहे, कर्नाटकात तिची चाचणी १२ ऑक्टोबर २०२३ ला झाली. आमच्या आत्त्यानं त्या दिवशी घाबरून फोन तांदळाच्या डब्यात कोंबला होता. हा एसएमएस नाही, तुमचा नंबर कुणाकडं गेलेला नाही. टॉवर रेडिओ स्टेशनसारखा ओरडतो आणि त्याच्या टप्प्यातला प्रत्येक फोन ते ऐकतो, नेटवर्क जाम असलं तरी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. सिम कुठल्या राज्याचं याला काही किंमत नाही, फोन त्या क्षणी कुठला टॉवर धरून बसलाय तेवढंच. चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत घराच्या पुढच्या खोलीत कर्नाटकाचा टॉवर आणि परसात महाराष्ट्राचा असला प्रकार सगळ्यांना माहीत आहे, मग अलर्ट पण तसाच येणार. सेटिंगमध्ये जाऊन बंद करू नका, पुराच्या रात्री तोच कामाला येतो.

१३. टीव्हीवर कोल्हापूरला रेड अलर्ट दाखवतात आणि बेळगावला येलो. आम्ही निपाणीवाल्यांनी कुठला धरायचा?

दोन्ही, आणि कारण नदी आहे. हवामान खात्याच्या हिशोबात बेळगाव 'उत्तर अंतर्गत कर्नाटक' या विभागात येतं आणि कोल्हापूर 'मध्य महाराष्ट्र'मध्ये, म्हणून दोन वेगळे नकाशे. निपाणी-चिकोडीकडं थेंब पडला नसला तरी दूधगंगा आणि वेदगंगा वर काळम्मावाडी, पाटगावकडनं येतात, म्हणजे तिकडचा रेड दुसऱ्या दिवशी तुमच्या पुलावर. खानापूरकरांचं उलटं. कणकुंबीला कोकणासारखा कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातलं अथणी कोरडं, तरी नकाशावर जिल्ह्याला रंग एकच. त्यामुळं पश्चिम भागातल्यांनी येलोला ऑरेंज समजून चाललं तर बिघडत नाही, हे माझं मत, खात्याचं नाही.

आकडे एकदा पाठ करून टाका. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ पासनं अतिमुसळधार, २०४.४ च्या वर अतिवृष्टीतला सगळ्यात वरचा टप्पा. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं केलेलं 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झालं, त्यात अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरनं ६ वर आली, म्हणजे हळूहळू जिल्ह्याच्या ऐवजी आपल्या भागाचं सांगता येईल. विजेसाठी त्याच संस्थेचं 'दामिनी' ॲप अख्ख्या देशात चालतं, कर्नाटकाचं स्वतःचं 'सिडिलु' पण आहे. रताळी काढायला माळावर जाणाऱ्यांनी दोन्हीतलं एक तरी ठेवाच.

१४. साप चावला तर सापाची लस सगळ्यांना चालते म्हणतात, मग आमच्याकडं एकाला लस देऊन पण उपयोग का झाला नाही?

भारतात मिळणारी लस चार सापांवर चालते : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चारींची मिळून एकच, म्हणून साप मारून दवाखान्यात आणायची गरज नाही, त्यात दुसऱ्याला चावायचाच धोका. आपल्या पश्चिमेच्या रानात मात्र हिरवा चापडा आणि नाकाड्या चापडा हे पण आहेत आणि त्यांच्यावर ही लस लागू नाही. तिथं डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. लांबनं फोटो सहज निघाला तर काढा, त्यासाठी शोधत बसू नका. दुसरी भानगड अशी की लसीसाठीचं विष बरंचसं तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सोसायटीकडनं येतं आणि त्याच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणं बदलतं, त्यामुळं कधी लस जास्त लागते.

रात्री झोपेत मण्यार चावली तर दुखत पण नाही, दातांच्या खुणा दिसत नाहीत. सकाळी पोटात कळ आणि पापण्या जड झाल्या तर पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका. घोणस-फुरशाच्या शंकेत दवाखान्यात काचेच्या नळीत थोडं रक्त वीस मिनिटं ठेवून बघतात, गोठलं नाही तर विष चढलंय. बांधणं, कापणं, तोंडानं ओढणं यातलं काहीही नको, चावलेला हात नाहीतर पाय हलवायचा नाही आणि गाडी काढायची.

२०२४ च्या फेब्रुवारीत कर्नाटकानं सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, सरकारी आणि खासगी दोन्ही दवाखान्यांना. चंदगडचे लोक विचारतात की आम्ही महाराष्ट्रातले, बेळगावात घेतील काय. आधी जवळ पडेल तिथं जा आणि निघतानाच फोन करून लस आहे काय ते विचारा, चार सापांचीच ती बाटली दोन्हीकडं मिळते.